बोटाखालची रक्तवाहिनी: धमनी, शीर आणि केशवाहिनी तपासून कशी ओळखावी

शाळेच्या पुस्तकातली आकृती सगळ्यांना आठवते: लाल ती धमनी, निळी ती शीर. परीक्षेपुरती ती ठीक आहे. पण घरात आजींचा बीपी मोजायचा असतो, मधुमेही वडिलांच्या पायाची नाडी बघायची असते, रक्त काढल्यावर हात काळानिळा का पडला ते समजून घ्यायचं असतं, आणि तेव्हा रंगांचा काही उपयोग होत नाही. शिरेतलं रक्त निळं नसतंच, ते गडद लाल असतं. कातडीतून परतणाऱ्या प्रकाशामुळे शीर निळसर दिसते. शिवाय हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणारी धमनी कमी प्राणवायूचं रक्त नेते, तरी ती धमनीच, कारण ती रक्त हृदयापासून दूर नेते; हृदयाकडे परत आणते ती शीर.

रक्तवाहिनी ओळखायची ती आतल्या दाबावरून. भिंत किती जाड, तिच्यात लवचीक तंतू किती, स्नायू किती, झडपा आहेत की नाहीत, हे सगळं त्या दाबाच्या हिशेबानं ठरलेलं असतं. तुमचं बोट कुठे ठेवायचं आणि किती जोरानं दाबायचं, हेही त्यावरूनच ठरतं. खाली दिलेली प्रत्येक तपासणी म्हणजे आतला दाब आणि बाहेरून दिलेला दाब यांची तुलना आहे.

आधी तयारी

सेकंदकाटा असलेलं घड्याळ, शिंप्याची टेप, स्केचपेन, दंडाला बांधायचं बीपी यंत्र आणि चांगला उजेड. याहून जास्त काही लागत नाही.

खोलीचं तापमान मात्र फार महत्त्वाचं, आणि ग्वाल्हेरकरांना ते विसरून चालणार नाही. जानेवारीत रात्रीचा पारा ४-५ अंशांवर येतो. मेळ्यातून गारठून आलेल्या माणसाचा हात लगेच तपासायला घेतला, तर मनगटाची नाडी बारीक लागते, नखं फिकी दिसतात आणि हातावरच्या शिरा गायब असतात. आजार काही नसतो. थंडीत कातडीकडे जाणाऱ्या बारीक धमन्या आणि कातडीतल्या शिरा स्वतःला आवळून घेतात, म्हणजे शरीराची ऊब बाहेर जात नाही. अशा वेळी हात कोमट पाण्यात धरून कोरडे करा, १०-१५ मिनिटं घरात बसू द्या, मग सुरुवात करा. मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या दुपारी, उलट होतं: शिरा दोरासारख्या वर येतात आणि माणूस झटकन उठला तर त्याला घेरी येते. म्हणून उन्हाळ्यातल्या सगळ्या तपासण्या बसवून किंवा आडवं करून करा.

भिंतीचे तीन थर

केशवाहिन्या (धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या) आणि अगदी बारीक शिरा सोडल्या तर प्रत्येक रक्तवाहिनीला तीन थर असतात.

आतला थर म्हणजे चपट्या पेशींचं एकपदरी अस्तर. हे अस्तर गुळगुळीत असेपर्यंत रक्त त्याला चिकटत नाही. त्याचं काम मात्र अस्तर होण्यापुरतं नाही. रक्ताच्या ओघाचं घर्षण जाणवलं की या पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतात आणि शेजारचा स्नायू सैल पडतो. हा संदेश उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. तंबाखू, सततची वाढलेली साखर आणि चढलेला दाब यांचा पहिला मार याच थरावर बसतो. चरबीचे थर साचतात तेही या अस्तराच्या खाली, भिंतीच्या आत. त्यामुळे नळी ‘धुऊन’ साफ करण्याच्या घरगुती काढ्यांवर विश्वास ठेवू नका. धुवायला तिथे पृष्ठभागावर काही नसतंच.

मधला थर धमनीचा खरा कणा. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत तो लवचीक पडद्यांच्या अनेक घड्यांचा बनलेला असतो. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त फेकतं. त्यातला मोठा वाटा ताणलेली महाधमनी आपल्यात ठेवून घेते आणि हृदय विसावलेलं असताना पुढे ढकलते, म्हणून दोन ठोक्यांच्या मधेही प्रवाह थांबत नाही. हे लवचीक तंतू जवळजवळ सगळे जन्माआधी आणि बालपणी तयार होतात, पुढे आयुष्यभर तेच पुरवावे लागतात. साठीनंतर ते तुटू लागतात, त्यांची जागा कडक तंतू घेतात. तेव्हा वरचा बीपी वाढतो आणि खालचा उतरतो. आजोबांचा १६०/७० हा आकडा पाहून ‘खालचा तर छान आहे’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: दोन आकड्यांमधलं मोठं अंतर हेच भिंत कडक झाल्याचं चिन्ह आहे.

हृदयापासून दूर जाल तसे मधल्या थरातले लवचीक तंतू कमी होतात आणि स्नायू वाढतात. दंडातली, मनगटातली, मांडीतली धमनी स्नायूंची.

बाहेरचा थर तंतूंचा. तो वाहिनीला आजूबाजूच्या भागात रोवून ठेवतो. यातूनच चेतातंतू येतात, आणि मोठ्या वाहिन्यांच्या भिंतीला पोसणाऱ्या अतिबारीक वाहिन्याही येतात. महाधमनीची भिंत सुमारे २ मिलिमीटर जाड असते. आतल्या रक्तातून तिच्या बाहेरच्या भागापर्यंत पोषण पोचत नाही, म्हणून तिला स्वतःची वेगळी रक्तवाहिनी लागते.

शिरेतही हेच तीन थर, पण प्रमाण वेगळं. मधला थर पातळ, बाहेरचा जाड, पोकळी मोठी. शरीरातलं साठ टक्क्यांहून जास्त रक्त कोणत्याही क्षणी शिरांमध्ये असतं. महाधमनीत सरासरी दाब ९५-१०० मि.मी. पारा, तर हृदयाशी पोचणाऱ्या महाशिरेत तो जवळपास शून्य.

मांसाहार चालत असेल तर हे सगळं स्वयंपाकघरात दिसू शकतं. मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं अख्खं हृदय आणा आणि ‘वरच्या नळ्या छाटू नका, हृदय चिरू नका’ असं आधीच सांगा, नाहीतर नेमकं हवं तेच कचऱ्यात जातं. हातमोजे घाला. मधोमध जिचं कापलेलं तोंड उघडं राहतं ती महाधमनी. तिच्यापुढची, जराशी पातळ, ती फुप्फुसधमनी: तिच्यातला दाब जेमतेम २५/१०, म्हणून भिंतही पातळ. उजव्या बाजूला मिटून पडलेली महाशीर. महाधमनीतून ५ मिलिमीटरची चकती कापून ताणा आणि सोडा, ती लगेच पूर्ववत होते. शिरेची चकती सहज ताणली जाते, मग एकदम अडते. महाधमनीत वरून पाणी ओता. झडपेची तीन पानं मिटून पाणी धरतील, आणि पानांच्या जरा वर दोन बारीक भोकं दिसतील. हृदयाच्या स्वतःच्या धमन्या तिथून निघतात. काम झाल्यावर पाट, सुरी आणि हात साबणानं धुवा.

मनगटाची नाडी

समोरच्याला बसवा, हात मांडीवर, तळवा वर. बांगड्या, घड्याळ कोपराकडे सरकवा. अंगठ्याच्या मुळापासून खाली मनगटावर या. तिथे हाडाचा कडक कंगोरा लागतो. मनगट जरा वाकवलं की मधल्या भागात स्नायूबंधांच्या दोऱ्या उठतात. अंगठ्याकडची दोरी आणि हाडाचा कंगोरा यांच्यामधल्या खोबणीत धमनी आहे, साधारण २-३ मिलिमीटर रुंद. तर्जनी, मधलं आणि अनामिका अशी तीन बोटं तिच्यावर ओळीनं ठेवा. अंगठा वापरू नका, कारण अंगठ्यात स्वतःचा ठोका जाणवतो आणि दोघांच्या नाड्यांची गल्लत होते.

आता दाब. आधी जोरात दाबा, ठोका बंद होईल. मग हळूहळू सोडत जा. ज्या क्षणी ठोका सगळ्यांत भरदार लागतो तिथे थांबा. नवशिके बहुतेक वेळा चुकतात ते इथेच: घाबरून फार दाबतात, धमनी हाडावर चपटी होते, आणि ‘नाडी लागत नाही’ म्हणून बोट दुसरीकडे नेतात. जागा बरोबर असते, दाब चुकलेला असतो.

३० सेकंद मोजून दुप्पट करा. ठोके अनियमित वाटले तर पूर्ण ६० सेकंद मोजा. विश्रांतीत प्रौढांची नाडी ६० ते १००. हाताला लागतो तो ठोका म्हणजे हृदयातून नुकतंच निघालेलं रक्त नसतं. ती भिंतीतून धावणारी लाट आहे. ती सेकंदाला ५ ते १० मीटर जाते, रक्त त्याहून कितीतरी हळू जातं. भिंत जितकी कडक, तितकी लाट वेगवान.

अजून एक पाहा. वरच्या बोटानं धमनी पूर्ण दाबून टाका आणि खालच्या बोटाखाली रिकामी धमनी सरकवून बघा. तरुणाची धमनी जवळपास जाणवत नाही. म्हाताऱ्या माणसाची सुतळीसारखी फिरते. मधुमेह आणि वयामुळे मधल्या थरात कॅल्शियम बसलं की असं होतं.

एकच हात दोन धमन्यांवर चालतो, तेही तपासता येतं. मूठ घट्ट आवळायला लावा, मनगटाच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या दाबा, मूठ उघडायला सांगा. तळवा पांढरा दिसेल. आता करंगळीकडची सोडा. ५-७ सेकंदांत लाली पसरली तर तळव्यात या दोन धमन्यांना जोडणारी कमान शाबूत आहे. मनगटाच्या धमनीत सुई किंवा नळी घालण्याआधी काही दवाखान्यांत हीच चाचणी करतात.

दंड, मान, पाऊल

कोपराच्या पुढच्या खळग्यात हात सरळ ठेवून बायसेप्सचा कडक बंध शोधा. त्याच्या आतल्या, म्हणजे छातीकडच्या, बाजूला जरा खोल दाबलं की दंडाची धमनी लागते. बीपीच्या पट्ट्यावरची खूण याच जागी यायला हवी.

मानेत कंठमण्याच्या बाजूला, तिरप्या स्नायूच्या पुढे बोटं टेकवा. एका वेळी एकच बाजू, हलक्या हातानं, चोळायचं अजिबात नाही. कंठमण्याच्या वरच्या कडेजवळ ही धमनी दुभंगते आणि तिथे दाब मोजणारे चेतातंतू असतात. त्यांना तुमचं बोट म्हणजे चढलेला बीपी वाटतो, ते हृदय मंद करतात, आणि वयस्कर माणूस चक्कर येऊन पडू शकतो. म्हणून बोटं मानेच्या खालच्या अर्ध्या भागात ठेवावीत. चरबी साठण्याची आवडती जागाही हाच दुभंग, कारण तिथे ओघ सरळ न राहता भोवरे होतात.

पावलाची नाडी घरोघरी बघितली जावी अशी आमची इच्छा आहे, विशेषतः ज्या घरात मधुमेह आहे तिथे. माणसाला झोपवा, मोजे काढा. पायाचा अंगठा वर उचलायला सांगा. पावलाच्या पाठीवर अंगठ्याकडे जाणारी दोरी उठेल. तिच्या बाहेरच्या बाजूला, पावलाच्या मध्याजवळ, बोटं अगदी हलकी टेकवा. इथे धमनी कातडीखालीच हाडावर असते, जोर दिला की हरवते. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या मागे: घोट्याचं हाड आणि टाचेची जाड शीर म्हणतात तो स्नायूबंध, यांच्या बरोबर मधे. पाऊल जरा आत वळवलं तर चटकन लागते. सापडली की स्केचपेननं फुली मारून ठेवा, पुढच्या वेळी शोधाशोध नको.

पावलाच्या पाठीवरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही, कारण त्यांची धमनी जन्मतःच बारीक असते. त्यामुळे एक न लागणं पुरेसा पुरावा नाही. पण एकाच पायात दोन्ही नाड्या लागत नसतील, तो पाय दुसऱ्यापेक्षा गार असेल, चालताना पोटरी भरून येत असेल आणि थांबल्यावर मोकळी होत असेल, तर डॉक्टरांना दाखवाच. पाय एकाएकी दुखून पांढरा, गार, बधिर झाला तर काही तासांचाच अवधी असतो: शेक देत बसू नका, सरळ रुग्णालयात न्या.

बारीक धमन्या आणि केशवाहिन्या

बीपीचा खरा नळ बारीक धमन्यांच्या हातात आहे. त्या मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून अरुंद असतात आणि भिंतीत स्नायूंचे एकदोनच फेरे असतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा १६ पट होतो. दहा टक्क्यांनी आवळली तरी दीडपट. म्हणूनच रक्तदाबाच्या अनेक गोळ्या याच स्नायूला सैल करतात, आणि म्हणूनच कडाक्याच्या थंडीत तोच माणूस, तीच गोळी, पण आकडा वर जातो.

त्यांच्यापुढे केशवाहिनी. रुंदी ५ ते १० मायक्रोमीटर. तांबडी पेशी स्वतःच ७-८ मायक्रोमीटरची, त्यामुळे ती अंग मुडपून जाते. भिंत एका पेशीची. इतकी पातळ भिंत फुटत कशी नाही? भिंतीवरचा ताण नुसत्या दाबावर ठरत नाही, दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकारावर ठरतो. त्रिज्या इतकी लहान की महाधमनीच्या तुलनेत ताण हजारो पटींनी कमी. महाधमनी फुगून रुंद झाली की ती अधिकच धोकादायक का होते, याचं उत्तरही याच गुणाकारात आहे.

स्नायू, कातडी आणि मेंदूत केशवाहिनीची भिंत सलग असते, मूत्रपिंडात आणि आतड्यात तिला बारीक छिद्रं असतात, यकृतात आणि अस्थिमज्जेत मोठ्या फटी.

तपासायचं असं. हात हृदयाच्या उंचीवर धरा, बोटाचं नख ५ सेकंद दाबून पांढरं करा, सोडा. २-३ सेकंदांत लाली यायला हवी. नखाला मेंदी किंवा रंग असेल तर बोटाचा मांसल भाग दाबा. उशीर लागला तर आधी विचारा: हात गार आहे का? गरम करूनही उशीर लागत असेल, सोबत उलट्या-जुलाब, गळाठा, जलद नाडी असेल, तर शरीर पाण्यावाचून कोरडं पडतंय.

शिरा

शिरेला हलक्या बोटाची भाषा कळते. तिच्यावर टेकवलेलं बोट जरा जास्त दाबलं की ती मिटते, आणि तिच्यात बोटाला ठोका लागत नाही. या एका फरकावर मानेतली शीर आणि मानेतली धमनी वेगळी ओळखता येते. माणसाला ४५ अंशांवर टेकवून झोपवा, मान किंचित डावीकडे. उजव्या बाजूला दुहेरी, लहरत्या हालचालीचा मऊ फुगवटा दिसतो. मानेच्या तळाशी हलकं दाबा. नाहीसा झाला तर शीर, धडधडत राहिला तर धमनी. छातीच्या हाडावर वरून साधारण पाच सेंटिमीटर खाली एक आडवा उंचवटा लागतो. शिरेचा फुगवटा त्याच्या वर सरळ उभ्या मापानं ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त दिसत असेल, तर हृदयाच्या उजव्या कप्प्यावर भार आहे असं समजून डॉक्टरांना सांगा.

झडपांची तपासणी विल्यम हार्वेनं १६२८ साली छापून दाखवली. ती आजही कुणालाही करता येते. दंडाला पट्टा बांधा, मनगटाची नाडी लागत राहील इतपतच. हाताच्या पुढच्या भागावरच्या शिरा फुगतील, आणि त्यांवर मधे मधे गाठीसारखे फुगवटे दिसतील. तिथे झडपा आहेत. एका गाठीच्या खाली, पंजाकडच्या बाजूला काही सेंटिमीटरांवर, डाव्या बोटानं शीर दाबून धरा. उजव्या बोटानं तिथून गाठीच्या पलीकडे, खांद्याच्या दिशेनं, रक्त पुसत न्या आणि उजवं बोट उचला. गाठीपर्यंतचा तुकडा रिकामा राहतो, वरून एक थेंब परत येत नाही. डावं बोट उचला: खालून लगेच भरतो. मिनिटभरात पट्टा सोडा. रक्त थिजण्याचा त्रास असलेल्या किंवा रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्या माणसावर हा प्रयोग करू नका.

पायात या झडपांची किंमत कळते. उभं राहिल्यावर पावलाच्या शिरेत सुमारे ९० मि.मी. पाऱ्याचा दाब असतो, नुसत्या रक्तस्तंभाच्या वजनानं. चालू लागलं की पोटरी शिरांना पिळते, झडपा रक्त खाली पडू देत नाहीत, आणि दाब २५-३० पर्यंत उतरतो. दुकानात काउंटरमागे तासन् तास उभं राहणाऱ्यांची पोटरी हलतच नाही. भिंत ताणते, झडपेची पानं एकमेकांना टेकेनाशी होतात, मग खालच्या झडपेवर आणखी भार. आतल्या घोट्याच्या पुढून मांडीपर्यंत जाणारी लांब शीर आधी वेडीवाकडी होते. दर अर्ध्या तासानं टाचा वीसेक वेळा उचलणं आणि बसताना पाय वर घेणं, हे साधे उपाय खरोखर काम करतात. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, दुखली, गरम लागली तर मात्र चोळू नका, तेल लावू नका. खोल शिरेत गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

बीपीचा पट्टा: चुका कुठे होतात

पट्टा म्हणजे धमनीवर बाहेरून दिलेला मोजका दाब. आतल्या वरच्या दाबापेक्षा तो जास्त असेपर्यंत धमनी मिटलेली असते. जरा खाली आला की ठोक्यागणिक क्षणभर उघडते आणि आवाज येतो. हा आवाज निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये नोंदवला. धमनी पूर्ण वेळ उघडी राहू लागली की आवाज थांबतो, तो खालचा आकडा. घरातली बहुतेक यंत्रं आवाजाऐवजी धमनीची थरथर मोजतात.

आता व्यवहार. दंडाचा घेर टेपनं मोजा. पट्ट्यातल्या फुग्याची लांबी घेराच्या निदान ८० टक्के हवी. नेहमीचा पट्टा साधारण २७ ते ३४ सेंटिमीटर घेराला. त्याहून जाड दंडावर तो बांधला तर दाब धमनीपर्यंत नीट पोचत नाही, आणि आकडा खोटा वाढलेला येतो. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या २-३ सेंटिमीटर वर.

ग्वाल्हेरच्या हिवाळ्यातली खास चूक म्हणजे बाही. दोन स्वेटरांच्या बाह्या गुंडाळून वर सरकवल्या की त्यांचाच करकोचा दंडावर बसतो. एक हात बाहीतून पूर्ण बाहेर काढा, शाल पांघरा, मग बांधा.

अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. लघवी करून घ्यावी. ५ मिनिटं पाठ टेकून, पाऊल जमिनीला, मांडीवर मांडी न घालता बसावं. दंड हृदयाच्या उंचीवर, टेबलावर टेकलेला. दंड १० सेंटिमीटर खाली लोंबला तर आकडा सुमारे ८ नं वाढतो, तितकाच वर उचलला तर तितकाच उतरतो. हाही रक्तस्तंभाच्या वजनाचा हिशेब. बोलू नये. एका मिनिटाच्या अंतरानं दोन वेळा मोजून सरासरी लिहावी. पहिल्यांदा दोन्ही हात मोजावेत. फरक वारंवार १० पेक्षा जास्त आला तर डॉक्टरांना सांगावं आणि पुढे ज्या हाताचा आकडा जास्त तोच हात मोजावा. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा वर राहत असेल तर दाखवायला हवं. १८०/१२० च्या पुढे आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं, हातापायात लुळेपणा असेल, तर थांबायचं नाही. ग्वाल्हेरचं जयारोग्य रुग्णालय किंवा जवळची कुठलीही तातडीची सेवा गाठा.

सुई आणि रक्तस्राव

रक्त काढायला कोपराच्या खळग्यातली आडवी शीर निवडतात. ती मोठी असते, आणि तिच्याखाली स्नायूबंधाचा पडदा असतो, जो दंडाच्या धमनीला तिच्यापासून वेगळं ठेवतो. आतल्या बाजूची शीर कितीही टपोरी दिसली तरी तिच्याजवळ धमनी आणि चेतातंतू असतात, म्हणून ती शेवटचा पर्याय. सुईआधी ठोका चाचपावा. पट्टा एक मिनिटापेक्षा जास्त बांधून ठेवू नये. मूठ सारखी उघडझाप करायला लावली तर तपासणीत पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं.

सुई निघाल्यावर कोपर दुमडून कापूस धरायची सवय सोडा. दुमडल्यानं भोकावर दाब एकसारखा बसत नाही, आणि उलगडताना ते पुन्हा उघडतं. हात सरळ ठेवून बोटानं २-३ मिनिटं दाबा, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आणखी जास्त.

जखमेतून उडणारं, ठोक्यागणिक उसळणारं, भडक रक्त धमनीचं. गडद, संथ वाहणारं शिरेचं. पाझरणारं केशवाहिन्यांचं. तिन्हीवर पहिला उपाय एकच: स्वच्छ कापडानं थेट जखमेवर, सलग १० मिनिटं दाब. मधे उचलून बघितलं की नुकती बसलेली गुठळी सुटते. हळद, कॉफी, चुना काही भरू नका. पायातल्या फुगलेल्या शिरेतून रक्त वाहू लागलं तर माणसाला आधी आडवं करा आणि पाय हृदयाच्या वर उचला. दाब ९० वरून जवळपास शून्यावर येतो, आणि घाबरवणारी धार बोटाच्या हलक्या दाबानं थांबते. धमनीचा रक्तस्राव मात्र दाबून धरलेलाच रुग्णालयात न्यावा.

शीर धमनी होते तेव्हा

डायलिसिसच्या रुग्णाच्या मनगटावर धमनी आणि शीर जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. दाब बदलला की भिंत कशी बदलते, हे जिवंत माणसात पाहायचं तर इथे पाहावं. धमनीचा दाब थेट शिरेत घुसतो. काही आठवड्यांत शीर रुंद होते, तिच्या मधल्या थरात स्नायू भरतो, भिंत जाड होते आणि जाड सुया वारंवार सोसायला तयार होते. याला साधारण ६ आठवडे किंवा जास्त लागतात. तोवर मऊ चेंडू दाबण्याचा व्यायाम सांगितला जातो.

घरच्यांनी रोज सकाळी, रात्री त्या जागी तळवा हलका टेकवावा. सलग झिणझिण लागायला हवी. कान लावला तर घरघर ऐकू येते. त्या हातावर बीपी मोजायचा नाही, रक्त काढायचं नाही, घट्ट बांगडी घालायची नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. झिणझिण बंद झाली किंवा नुसताच ठोका उरला, तर आत गुठळी बसत आहे किंवा वाट अरुंद झाली आहे. पुढच्या डायलिसिसच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डायलिसिसच्या डॉक्टरांकडे जावं, कारण गुठळी ताजी असेपर्यंत फिस्टुला वाचवण्याची शक्यता जास्त असते.